उसना आकडा

१

सकाळी सहाला पाळी सुरू झाली की धसकेराव आधी खुर्चीची उंची नीट करायचा, मग चष्मा पुसायचा आणि मग सत्तावीस आकडे वाचायचा. नऊ तरंगत्या पवनचक्क्या, प्रत्येकीला तीन साखळ्या, नऊ त्रिक सत्तावीस. साखळीचं एक टोक पवनचक्कीच्या पोकळ पायाला, दुसरं समुद्राच्या तळाशी रुतवलेल्या नांगराला. कुठली साखळी किती टनांनी ताणली आहे ते किनाऱ्यावरच्या या बिनखिडकीच्या खोलीत दिसायचं. समुद्र दिसायचा नाही. त्याबद्दल धसकेरावाची तक्रारही नव्हती, कारण बोटीत पाय ठेवला की त्याच्या पोटातलं सगळं बाहेर यायचं.

धसकेराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते मिळालं चार महिन्यांपूर्वी. चार नंबरच्या एका साखळीचा आकडा एकाएकी शून्यावर आला. आता शून्याचे अर्थ दोन. एक तर साखळी तुटली, नाहीतर साखळीवरचा सेन्सर मेला. खाऱ्या पाण्यात सेन्सर मरतच असतात, साखळी सहसा तुटत नाही. पण नियम म्हणजे नियम. त्याने चारवरच्या सहा मेकॅनिकांना हातातली कामं टाकायला लावून बोटीने परत आणवलं. पाणबुड्या खाली जाऊन आला तो हसतच. सेन्सर मेला होता. त्या सहा जणांत धसकेरावाचे दाजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान आणि मेकॅनिकांचे मुकादम. रविवारी जेवायला बसल्यावर हातातला घास तसाच धरून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या मेव्हण्याला समुद्र शिंकला तरी धसका बसतो." ताईसुद्धा पोट धरून हसली. दुसऱ्या दिवसापासून अख्खा विभाग त्याला धसकेराव म्हणायला लागला.

तोही हसला होता. हसण्यावारी नेलं की गोष्टी विसरल्या जातात असं त्याचं मत होतं. पण हात धुताना त्याने आरशात पाहिलं, तर कान लाल झाले होते आणि ते बराच वेळ तसेच राहिले.

२

मेलेल्या सेन्सरसाठी त्या खोलीत एक रीत होती. शेजारच्या दोन साखळ्यांच्या आकड्यांची सरासरी काढायची आणि ती तिसऱ्याच्या जागी लावून द्यायची, म्हणजे भोंगा थांबतो. याला सगळे उसना आकडा म्हणत. उसना दिला की लॉगबुकात लिहायचं, आणि पाणबुड्या खात्री करून येईपर्यंत त्या पवनचक्कीवर एकही माणूस ठेवायचा नाही.

एका मंगळवारी, सकाळी साडेनऊला, सात नंबरच्या तिसऱ्या साखळीचा आकडा शून्य झाला. सातवर तीन माणसं होती, त्यांत दाजी. पाळीवरचे जोडीदार काका, निवृत्तीला आलेले, चहा आणायला गेले होते. धसकेरावाने फोन उचलला. पलीकडे अजून कुणी बोललंही नव्हतं, तोच दाजींचं ते रविवारचं वाक्य त्याच्या कानात पुरतं वाजून गेलं. त्याने फोन खाली ठेवला. नकाशा उघडून पाहिलं. सात आपल्या जागेवरून अठरा मीटर सरकली होती. वीस मीटरपर्यंत चालतं. आतच आहे की, तो स्वतःशी म्हणाला. मग त्याने उसना आकडा लावला, एकशे चौदा टन. भोंगा थांबला. लॉगबुकात त्याने काहीच लिहिलं नाही, कारण लिहिलं की माणसं परत आणावी लागतात, आणि पुन्हा रविवार येतो.

काकांनी चहा ठेवत विचारलं, काही विशेष? तो म्हणाला, काही नाही.

दुपारी वारा सुटला. एक वाजता रेडिओवर दाजी आले. आवाजात घाई नव्हती.

"सात जरा कललीय असं वाटतंय रे. तिसरीचा आकडा काय म्हणतो?"

धसकेरावाने स्क्रीनकडे पाहिलं. आपणच लावलेला आकडा आहे हे त्याला माहीत होतं, पण इतक्या वेळात तो आकडा वाऱ्याबरोबर बाकीच्यांसारखाच हलत होता, आणि क्षणभर, अगदी खरं सांगायचं तर, त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

"एकशे सोळा," तो म्हणाला. "ठीक आहे."

"मग आम्हालाच धसका बसला म्हणायचा," दाजी म्हणाले आणि हसले.

वीस मिनिटांनी दुसरी साखळीही तुटली. सात गर्रकन फिरली आणि आडवी व्हायला लागली. दोघं बोटीत आले. दाजी पोकळ पायात उतरले होते, पाण्याचा पंप हाताने चालवून तिला सरळ ठेवायला. ते वर आले नाहीत.

३

चौकशी करणाऱ्या बाई नीटनेटक्या होत्या आणि कुणावर आवाज चढवत नव्हत्या. वाचलेल्या दोघांनी सांगितलं की कलणं आधी सुरू झालं आणि मुकादम मागून खाली गेले. बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, माणूस घाबरला की त्याला उलटसुलट आठवतं, आकडे घाबरत नाहीत. आकड्यांप्रमाणे त्या वेळी तिन्ही साखळ्या धडधाकट होत्या. म्हणजे मुकादमाने पंप चुकीचा चालवला, तोल गेला, आणि त्या हिसक्याने साखळ्या तुटल्या. एक माणूस स्वतःच्या चुकीने गेला आणि जाता जाता दोघांना नेणार होता.

धसकेराव समोरच बसला होता. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, व्याकरणासकट. बाईंनी विचारलं, तुम्हाला काही जोडायचं आहे? त्याने मान हलवली, नाही म्हणून.

ताई त्याच्याकडे राहायला आली. त्याचं एकट्याचं दोन खोल्यांचं घर, तिला आतली खोली दिली. पहिला आठवडा ती दिवसरात्र रडली, भांडी आपटली, शेजाऱ्यांवर ओरडली. मग एका दुपारी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू तिथं बसला होतास. खरं सांग, ह्यांची चूक होती का?"

तो नाही म्हणू शकला असता. हो म्हणण्याइतका तो नीच नव्हता. त्याने दोन्हींच्या मधलं काढलं. "असेल, ताई," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती रडली नाही. शेजारणी म्हणाल्या, बाई धीराची. त्यालाही बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची इतकी लाज वाटली की त्या दिवशी तो जेवला नाही.

४

पहिल्यांदा लक्षात आलं ते कामावर. आता चोवीसच आकडे उरले होते. खरा आकडा कधी स्वस्थ बसत नाही, शेवटचा अंक सारखा थरथरत असतो, कारण खाली समुद्र असतो. उसना आकडाही थरथरतो, पण तो दोन्ही शेजाऱ्यांच्या बरोबर मधून चालतो. एक वर गेला आणि एक खाली आला की तो जागचा हलत नाही. हे फक्त जुन्या डोळ्याला कळतं.

बुधवारी सकाळी त्याला दोनचा पहिला आकडा असा मधून चालताना दिसला. त्याने लॉगबुक काढलं. दोनला कुणी उसना दिलेला नव्हता. मग त्याने पाचचा पाहिला. पाचचाही तसाच. तासाभरात त्याची खात्री झाली की प्रत्येक पवनचक्कीचे तिन्ही आकडे एकमेकांच्या मधून चालले आहेत. हे गणिताने शक्यच नाही. तीन आकड्यांपैकी प्रत्येक जण उरलेल्या दोघांची सरासरी असेल, तर तिन्ही एकच झाले पाहिजेत. ते एक नव्हते. तरीही मधून चालले होते.

त्याने काकांना दाखवलं. काकांनी चष्मा वर करून नीट पाहिलं. हा माणूस एरवी रेषा वाकडी दिसली तरी दोन शिव्या हासडायचा. "समुद्र शांत आहे," काका म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं, ही थरथर बघा, तुम्हाला बरी वाटते? "बरीच म्हणायची," काका म्हणाले, अगदी त्याच आवाजात, आणि चहाकडे वळले.

डोळे थकलेत, त्याने स्वतःला समजावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. आपण एकदा लबाडी केली म्हणून सगळं जग लबाड दिसतंय. हे त्याला पटलं, आणि पटल्यावर त्याने चोवीस आकडे वहीत उतरवून खाली सही केली.

५

घरी आल्यावर त्याला वाटलं, जमीन कलली आहे. फार नाही, तीनेक अंश, आतल्या खोलीच्या दिशेने. उभं राहिलं की उजव्या पोटरीवर भार यायचा. बोटीत येते तशी मळमळ घशाशी यायची. त्याने माळ्यावरून सपाटी तपासायची पाणसळ काढली आणि फरशीवर ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये. फिरवून ठेवली, मध्ये. दारापाशी, मोरीपाशी, ताईच्या खोलीच्या उंबऱ्यावर, सगळीकडे मध्ये. मग सहज म्हणून त्याने ती भिंतीला तिरपी टेकवली आणि पाहिलं. बुडबुडा तेव्हाही मध्येच होता.

तो ते यंत्र हातात धरून बराच वेळ मोरीत बसला. कुणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त वाटत होती ती शरम, कारण हे यंत्र खोटं दाखवायला कुणाकडून शिकलं ते त्याला माहीत होतं.

शनिवारी ताईला ताप आला. म्हणजे त्याने पाण्याचा पेला देताना तिच्या हाताला हात लागला आणि तो झटकन मागे घ्यावा लागला, इतका हात तापला होता. थर्मामीटरने सदतीस दाखवलं, म्हणजे ताप नाहीच. त्याने ते झटकलं, धुतलं, पुन्हा लावलं. सदतीस. स्वतःला लावलं. सदतीस. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, छाती तपासली, आणि म्हणाले की सगळं जिथल्या तिथे आहे. तो म्हणाला, अहो, हात लावून बघा, भाजतंय. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्यांचा तळवा तिथं तांबडा होताना त्याला दिसला. "ठीक आहे," डॉक्टर म्हणाले.

"मी ठीक आहे रे," ताईही म्हणाली. ती पलंगावर सरळ बसली होती आणि तिचा आवाज वर जात नव्हता, खाली येत नव्हता. त्याने आठवून पाहिलं. गेले दहा दिवस ती जे जे बोलली होती त्यातलं एकही वाक्य फक्त तिचं नव्हतं. अशा वेळी कुठलीही बाई जे बोलेल, तेच ती बोलत होती. तिची ती तिखट जीभ, ते पोट धरून हसणं, तो पहिल्या आठवड्यातला आरडाओरडा, काही म्हणता काही नव्हतं. तिच्या जागी काहीतरी लावून दिलं होतं, म्हणून भोंगा थांबला होता.

६

सोमवारी चौकशीचा कागद येणार होता. अहवाल मान्य आहे अशी घरच्यांची सही त्यावर लागते. ती झाली की दाजी कायमचे दोषी ठरणार होते, कुठल्याही पवनचक्कीवर नव्या मेकॅनिकाला काय करू नये हे सांगताना त्यांचा दाखला दिला जाणार होता. दाजींनी सात नंबरला सरळ धरून ठेवलं होतं, दोन माणसं बोटीत जाईपर्यंत. हे खात्रीने जगात एकालाच ठाऊक होतं, आणि तो सुट्टीच्या दुपारी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली बसला होता.

ताई चहाचे कप मांडून समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. ऊन फरशीवर पडलं होतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"ताई, मला बोलायचं आहे," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगितलं. शून्य आलं ते, फोन उचलून ठेवला ते, अठरा मीटर, एकशे चौदा. रेडिओवर दाजींनी विचारलं ते. त्यांचं हसणं. त्याचा आवाज फाटला, नाक गळायला लागलं, पण त्याने काहीही गाळलं नाही. मी हसं होईल म्हणून घाबरलो, तो म्हणाला, एवढ्यासाठी, एवढ्याशा गोष्टीसाठी.

ताईने घडी पुरी केली. "होतं असं," ती म्हणाली.

"ताई, ऐकलंस का? दाजींची काही चूक नव्हती. मी मारलं त्यांना."

"मनाला लावून घेऊ नकोस. चहा घे."

ती समंजसपणे बघत होती, डोळे कोरडे, हात मांडीवर. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार आपोआप उघडायला लागलं. वारा नव्हता. दार सावकाश आत गेलं, उतार असल्यासारखं, आणि त्याच्या मागून एक आवाज आला, लोखंडाची एक कडी दुसरीवरून घसरावी तसा, खूप खोलवरून.

तो उठला आणि उंबऱ्यापर्यंत गेला.

आतली खोली कलली होती. तीन अंश नाही, गच्चीच्या जिन्याइतकी. पलंग घसरून लांबच्या भिंतीवर आपटला होता, कपाट उघडं पडून कपडे कोपऱ्यात साचले होते. आणि ताई तिथं होती. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून लोंबकळत होती, मोकळे केस खाली नाही, आडवे कोपऱ्याकडे लोंबत होते. चेहरा तापाने लाल झाला होता. ती ओरडत होती. आवाज येत नव्हता, पण गळ्याच्या शिरांवरून कळत होतं की ती आजच ओरडायला लागलेली नाही. ती त्याच्याकडेच बघत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते पाहण्यापेक्षा त्याने डोळे फोडून घेतले असते. आणि तरीही तिने एक हात गजावरून सोडला आणि त्याच्याकडे पुढे केला.

तिच्या पायांखाली, जिथे कोपरा अंधारात जात होता, तिथून कुणीतरी तिला खांद्याने वर रेटत होतं. फक्त खांदाच दिसला. कामाच्या केशरी जाकिटातला, निथळणारा.

एक पाऊल टाकायचं होतं. उंबऱ्याच्या आत एक पाऊल, आणि हात. मग ती त्याला शिव्या देणार होती, मारणार होती, जन्मभर तोंड बघणार नव्हती, आणि ते सगळं खरं असणार होतं.

"चहा निवतोय," मागून ताई म्हणाली. आवाज सुरेख शांत होता.

त्याने दाराची कडी धरली. दार जड लागत होतं, उतारावरून वर ओढावं लागलं. हात मागे घे असं तो आत बघत कुजबुजला, बोटं सापडतील म्हणून, आणि कडी बसेपर्यंत त्याने दार ओढलं.

मग तो येऊन बसला. ताईने कप पुढे केला, साखर पुरे का म्हणून विचारलं. पुरे, तो म्हणाला.

७

सोमवारी सकाळी अकराला चौकशीच्या बाई स्वतः कागद घेऊन आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या, घर छान सपाटीला आहे, उजेड चांगला आहे असं काहीतरी म्हणाल्या. ताईने कागद वाचला. दाजींचं नाव होतं त्या ओळीवर तिचं बोट थांबलं नाही. तिने दाखवल्या जागी सही केली.

बाईंनी कागद वळवून धसकेरावापुढे सरकवला. साक्षीदार म्हणून घरातल्या आणखी एकाची सही लागते, त्या म्हणाल्या, तुम्ही तर भाऊच आहात. आतल्या दारावर मागून काहीतरी थडकलं, हलकं, हाताच्या तळव्यासारखं. बाईंनी मान वळवली नाही. ताईनेही नाही.

धसकेरावाचे कान लाल झाले. तो तोंड खाली घालून कागदावर वाकला, डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली, आणि सही केली. ती अगदी नेहमीसारखी आली.